खिडक्यांचे सुडोकू: गणेशोत्सवातील कोडी-स्पर्धेच्या तयारीच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

यंदाच्या गणेशोत्सवात रांगोळी आणि पाककृती यांच्या जोडीला सुडोकूची स्पर्धा घ्यावी, असे काल आमच्या चाळीच्या मंडळाच्या बैठकीत ठरले आणि कोडी तयार करून ती तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे, म्हणजे हातात जेमतेम बारा आठवडे आहेत आणि तेही नोकरी सांभाळून. गिरगावातल्या आमच्या या चाळीत दहा-बारा जण तरी रोज सकाळी वर्तमानपत्रातले सुडोकू चहा संपायच्या आत सोडवतात, त्यामुळे नुसती अवघड पण साधीच कोडी दिली तर स्पर्धेला रंग चढणार नाही. म्हणून ज्या प्रकारात नेहमीच्या जाळ्यावर आणखी काही क्षेत्रे आखलेली असतात आणि ती मूळच्या चौकटींवर अर्धीमुर्धी चढलेली असतात, तो प्रकार मी निवडला आहे.

सुडोकू १९७९ साली अमेरिकेत ‘नंबर प्लेस’ या नावाने पहिल्यांदा छापले गेले, तेव्हापासून नियम तीनच आहेत: प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि ३×३ च्या प्रत्येक चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत. खिडक्यांच्या सुडोकूत चौथा नियम येतो. जाळ्यात ३×३ च्या चार खिडक्या करड्या रंगाने दाखवलेल्या असतात, दुसऱ्या ते चौथ्या आणि सहाव्या ते आठव्या ओळींत, आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंनी मोजून. त्या प्रत्येक खिडकीतही १ ते ९ एकेकदाच यायला हवेत. पीटर रिटमेस्टर यांनी हा प्रकार काढला आणि नेदरलँड्समधील एनआरसी हांडेल्सब्लाड या दैनिकात तो २००५ पासून छापला जाऊ लागला.

पाच जाळी कोपऱ्यांत एकमेकांवर चढवलेला ‘सामुराई’ हा प्रकारही विचारात घेतला होता, पण त्यात ५ गुणिले ८१ मधून सामाईक ३६ वजा जाता ३६९ घरे उरतात आणि एवढी घरे एका ए-फोर कागदावर छापली तर वयस्कर मंडळींना अंक दिसणार नाहीत. तो बेत सोडून दिला.

या नोंदींत घराचा पत्ता मी असा लिहीन: आ३उ४ म्हणजे वरून तिसरी आडवी ओळ आणि डावीकडून चौथी उभी ओळ यांच्या छेदावरचे घर. चौकटी आणि खिडक्या डावीकडून उजवीकडे, वरून खाली मोजायच्या.

२३ जून २०२४, रविवार

फोर्टातल्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत अशा कोड्यांची एक पातळ पुस्तिका मिळाली आणि आठवडाभर रोज रात्री तिच्यातले एक कोडे सोडवले. पाचव्या कोड्याला दोन उत्तरे निघाली. सगळे जाळे भरून झाल्यावर चारच घरे उरली: आ२उ१, आ२उ४, आ३उ१ आणि आ३उ४. चारही घरांत ४ किंवा ६ एवढ्याच शक्यता होत्या आणि कोणतीही मांडणी केली तरी एकही नियम मोडत नव्हता. आ२उ१ आणि आ३उ१ एकाच चौकटीत आहेत. आ२उ४ आणि आ३उ४ एकाच चौकटीत आणि शिवाय एकाच खिडकीत आहेत. तेव्हा ४ आणि ६ यांची अदलाबदल केली तरी प्रत्येक क्षेत्रात तेच अंक राहतात.

छापील कोड्याला दोन उत्तरे असणे हा माझ्या लेखी सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. त्याने दोन तास खर्चून शेवटी अडकायचे, आणि चूक आपलीच असेल असे समजून सगळे पुन्हा तपासत बसायचे. आपल्या बाराही कोड्यांची (आठ सरावाची, चार स्पर्धेची) एकमेव उत्तरे संगणकाने तपासल्याशिवाय एकही कोडे छापायला द्यायचे नाही, असे आज ठरवले. प्रोग्रामसाठी भाचीला फोन केला. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे; परीक्षा संपल्यावर येते म्हणाली.

३० जून २०२४, रविवार

आज एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. सोडवताना मला वारंवार असे जाणवत होते की दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आडव्या ओळीत खिडक्यांच्या बाहेर जी घरे उरतात, त्यांत कोणताही अंक दोनदा येत नाही. हा योगायोग नाही हे कागदावर मांडल्यावर लगेच स्पष्ट झाले. या तीन ओळींत मिळून प्रत्येक अंक बरोबर तीन वेळा येतो. त्यांतला एक पहिल्या खिडकीत आणि एक दुसऱ्या खिडकीत जातो, कारण दोन्ही खिडक्या संपूर्णपणे याच तीन ओळींत बसलेल्या आहेत. म्हणजे प्रत्येक अंकाची एकच प्रत उरते आणि ती पहिल्या, पाचव्या व नवव्या उभ्या ओळीत राहिलेल्या नऊ घरांत गेली पाहिजे. ही नऊ घरे एकमेकांपासून दूर, तीन उभ्या पट्ट्यांत विखुरलेली असली तरी मिळून ती एक खिडकीच आहेत.

सहाव्या ते आठव्या आडव्या ओळींबाबत हेच लागू होते, उभ्या ओळींकडून पाहिले तर अशा आणखी दोन खिडक्या मिळतात. मग पहिली, पाचवी आणि नववी आडवी ओळ घ्यावी: त्यांच्या २७ घरांतून उभ्या बाजूने मिळालेल्या या दोन खिडक्यांची १८ घरे वजा केली की आ१उ१, आ१उ५, आ१उ९, आ५उ१, आ५उ५, आ५उ९, आ९उ१, आ९उ५ आणि आ९उ९ ही नऊ उरतात, आणि त्यांतही १ ते ९ एकेकदाच. कागदावर चार खिडक्या आखलेल्या आहेत, पण त्यांच्या पोटातून आणखी पाच निघतात आणि या नऊ खिडक्या मिळून ८१ घरांचे संपूर्ण जाळे व्यापतात. एकही घर खिडकीविना राहत नाही.

गेल्या आठवड्यात मी ज्या कोड्यावर तीन रात्री अडकलो होतो, ते या मधल्या विखुरलेल्या खिडकीने वीस मिनिटांत सुटले. कोपऱ्यातल्या घराचा अंक जाळ्याच्या मध्यातल्या घरावर बंधन आणतो, ही गोष्ट डोळ्यांना सवय नसल्याने सहज दिसत नाही.

८ जुलै २०२४, सोमवार

मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, रुळांवर पाणी साचले आणि मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली. ऑफिसला जाणे शक्य नव्हते, तेव्हा दिवसभर गॅलरीतल्या टेबलावर बसून खिडकी आणि चौकट यांच्या सामाईक भागाचा अभ्यास केला.

पहिली चौकट आ१ ते आ३, उ१ ते उ३ अशी आहे; पहिली खिडकी आ२ ते आ४, उ२ ते उ४ अशी. दोघींत चार घरे सामाईक आहेत: आ२उ२, आ२उ३, आ३उ२, आ३उ३. दोन्ही क्षेत्रांत १ ते ९ सगळे अंक आहेत आणि चार घरे तीच आहेत, म्हणजे उरलेल्या पाच-पाच घरांतही तेच पाच अंक असले पाहिजेत. चौकटीची उरलेली घरे आ१उ१, आ१उ२, आ१उ३, आ२उ१, आ३उ१ अशी कोनाच्या आकारात आहेत. खिडकीची उरलेली आ२उ४, आ३उ४, आ४उ२, आ४उ३, आ४उ४ अशी त्याच्या उलट्या कोनात. दोन वाट्यांत समान ऐवज असावा आणि दोहोंतून तेवढाच काढून घेतला तर उरते तेही समानच, एवढेच यामागचे गणित आहे.

आज सोडवलेल्या कोड्यातली स्थिती जशीच्या तशी नोंदवून ठेवतो. आ१उ१ मध्ये १, आ१उ३ मध्ये ३, आ३उ४ मध्ये ८, आ४उ२ मध्ये २ आणि आ४उ४ मध्ये ५ हे पाच अंक माहीत होते. चौकटीच्या कोनात १ आणि ३ आहेत, खिडकीच्या कोनात २, ५ आणि ८ आहेत. दोन्ही कोनांतले पाच अंक समान असल्याने ते १, २, ३, ५, ८ हेच ठरतात. म्हणजे खिडकीच्या कोनातल्या रिकाम्या दोन घरांत, आ२उ४ आणि आ४उ३ मध्ये, १ आणि ३ जातील. तिसऱ्या उभ्या ओळीत ३ आधीच वर आहे, म्हणून आ४उ३ मध्ये १ आणि आ२उ४ मध्ये ३. सामाईक चार घरांत ४, ६, ७, ९ हे ओघानेच आले. पाच अंकांवरून दोन घरे भरली आणि चार घरांच्या शक्यता निम्म्याहून कमी झाल्या, तेही कागदावर एकही बारीक खूण न करता.

एकेका अंकापुरते पाहिले तर ही युक्ती नवी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पहिल्या खिडकीत ३ कुठे जाईल असा साधा प्रश्न विचारला तरी चौकटीतला ३ सामाईक घरांना बाद करतो आणि उत्तर तेथेच येते. फरक आहे तो पाहण्याच्या पद्धतीत. घराघराला शक्य अंक लिहीत गेले तर कागद खुणांनी भरून जातो. दोन क्षेत्रांतला सामाईक भाग झाकून उरलेले भाग समोरासमोर ठेवले तर संपूर्ण संच एकदम दिसतो. मी आता सामाईक चार घरांवर दोन रुपयांचे नाणे ठेवूनच पाहतो.

साध्या सुडोकूतही हे तत्त्व लागू होते, फक्त तेथे अनेक क्षेत्रे एकत्र घ्यावी लागतात. तिसरी व सातवी आडवी ओळ आणि चौथी व सहावी चौकट एका बाजूला, तर पहिली, दुसरी, आठवी व नववी उभी ओळ दुसऱ्या बाजूला ठेवून सामाईक घरे काढून टाकली की मधल्या चौकटीभोवतीच्या १६ घरांच्या कड्यात आणि चार कोपऱ्यांतल्या २×२ च्या १६ घरांत तेच अंक तितक्याच वेळा येतात, हे सिद्ध होते. दुपारी हे दोनदा पडताळून पाहिले.

१४ जुलै २०२४, रविवार

भाची सकाळच्या लोकलने आली आणि संध्याकाळपर्यंत प्रोग्राम उभा राहिला. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी २००० साली मांडलेली ‘डान्सिंग लिंक्स’ ही पद्धत तिने वापरली आहे. त्यात सुडोकू हे एक मोठे कोष्टक बनते: कोणत्या घरात कोणता अंक या ७२९ शक्यता म्हणजे रांगा, आणि पूर्ण व्हायलाच हव्यात अशा ३२४ अटी म्हणजे रकाने. ज्यांच्यामुळे प्रत्येक रकाना बरोबर एकदा भरेल अशा रांगा निवडायच्या. आखलेल्या चार खिडक्यांमुळे ३६ रकाने वाढून ३६० झाले.

न आखलेल्या पाच खिडक्या मी तिला समजावून सांगितल्या तेव्हा तिचा पहिला प्रश्न रास्त होता: “मामा, या जर आधीच्या नियमांतूनच निघतात, तर वेगळ्या कशाला घालायच्या?” उत्तर तेच राहील, पण प्रोग्रामला चुकीची वाट लवकर कळेल, असे मी म्हणालो. तिने ४५ रकाने आणखी घालून ४०५ केले आणि दोन्ही प्रकारे तीच कोडी चालवली. उत्तरे तीच आली, परंतु प्रोग्रामला मागे फिरून दुसरी वाट धरण्याची वेळ बरीच कमी आली. माणसाचेही तसेच होते.

मध्ये एक अडचण आली. प्रोग्राम एका चांगल्या कोड्याला उत्तरच नाही असे सांगू लागला. प्रोग्राम ज्या पायथन भाषेत लिहिला तिच्यात मोजणी शून्यापासून होत असल्याने दुसऱ्या ते चौथ्या ओळींचे आकडे १ ते ३ होतात, आणि पहिली, पाचवी, नववी यांचे ०, ४, ८. एका खिडकीच्या यादीत तिच्याकडून ४ च्या जागी ५ पडला होता. अशी चूक डोळ्यांनी शोधण्यात अर्धा तास गेल्यावर आम्ही एक साधी तपासणी घातली: ९ आडव्या, ९ उभ्या, ९ चौकटी आणि ९ खिडक्या अशी एकूण ३६ क्षेत्रे आहेत, तेव्हा प्रत्येक घर बरोबर चार क्षेत्रांत आले पाहिजे. ज्या घराची मोजणी तीन किंवा पाच येईल तेथे यादी चुकली.

याच तपासणीतून आणखी एक आकडा मिळाला. साध्या सुडोकूत प्रत्येक घराचा अंक इतर २० घरांना बांधतो. नऊही खिडक्या धरल्या तर कोपऱ्यातल्या चौकटी आणि आखलेल्या खिडक्या यांची सामाईक १६ घरे प्रत्येकी २३ घरांना बांधतात आणि उरलेली ६५ घरे प्रत्येकी २४ घरांना. जी घरे सर्वांत जास्त नजरेत भरतात तीच सर्वांत कमी बांधतात. तेव्हा कोडे रचताना सामाईक घरांत अंक देण्याऐवजी बाहेरच्या कोनांत द्यावेत, म्हणजे एकेका अंकातून अधिक निघते.

२८ जुलै २०२४, रविवार

कोडे क्र. ६ मध्ये मी एक ढोबळ चूक केली आणि तिने माझी शुक्रवारची संपूर्ण संध्याकाळ घेतली. सोडवताना आ१उ२, आ१उ५ आणि आ३उ२ या तीन घरांत फक्त २ आणि ७ उरले होते. चौथ्या घरात, आ३उ५ मध्ये, २, ७ आणि ९. साध्या सुडोकूतल्या सवयीप्रमाणे मी म्हटले की दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी आणि दोन चौकटी यांत हा आयत आहे. चौथ्या घरातही २ किंवा ७ आला तर अदलाबदल करून दुसरे उत्तर तयार होईल. कोड्याला उत्तर एकच असल्याने तेथे ९ च असला पाहिजे. ९ लिहिला आणि तासाभराने सातव्या ओळीत विसंगती आली.

जूनमधल्या पुस्तिकेतला आयत आणि हा आयत यांत फरक काय, ते आज सकाळी कळले. तेथे खिडकीत दोन घरे होती आणि ती दोन्ही एकाच खिडकीत, त्यामुळे अदलाबदलीने खिडकीचे काही बिघडत नव्हते. येथे आ३उ२ हे एकच घर पहिल्या खिडकीत आहे आणि बाकीची तीन आखलेल्या खिडक्यांच्या बाहेर. तेथे २ चा ७ केला तर त्या खिडकीत ७ दोनदा येईल. अदलाबदल मुळातच शक्य नाही, म्हणून दुसऱ्या उत्तराची भीती नाही, आणि म्हणून ९ चा निष्कर्षही निराधार. खरे उत्तर ७ होते.

भाचीने फोनवर विचारले की मग न आखलेल्या खिडक्याही तपासाव्या लागतील का. थोडा विचार केल्यावर लक्षात आले की नाही. अदलाबदलीनंतर आखलेल्या खिडक्यांचे नियम शाबूत राहिले, तर न आखलेल्या खिडक्या त्या नियमांतूनच निघत असल्याने त्याही शाबूत राहणारच.

जादा क्षेत्रे असलेल्या कोड्यात उत्तराच्या एकमेवपणावर आधारलेली कोणतीही युक्ती वापरण्यापूर्वी प्रत्येक जादा क्षेत्र तपासायचे, हे सरावाच्या कागदावर सूचना म्हणून द्यायचे आहे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

बेरजेच्या पिंजऱ्यांची दोन कोडी तयार झाली. या प्रकारात अंक दिलेले नसतात. काही घरे तुटक रेषेने वेढलेली असतात आणि त्यांची बेरीज कोपऱ्यात लिहिलेली असते. कोणत्याही क्षेत्राची बेरीज ४५ असते, या एका आकड्यावर सगळे चालते. खिडक्या घातल्या की चौकटीच्या कोनाची बेरीज आणि खिडकीच्या कोनाची बेरीज समान असलीच पाहिजे, हे नवे शस्त्र हाती येते.

कोडे क्र. ९ ची सुरुवात मला स्वतःला फार आवडली, म्हणून पूर्ण लिहितो. आ१उ१, आ१उ२, आ१उ३ यांचा पिंजरा १८ चा. आ२उ१ आणि आ३उ१ यांचा ९ चा. म्हणजे चौकटीचा कोन २७. खिडकीच्या बाजूला आ२उ४ आणि आ३उ४ यांचा पिंजरा १५ चा, आ४उ२ आणि आ४उ३ यांचा ५ चा. दोन्ही मिळून २०, तेव्हा उरलेल्या आ४उ४ मध्ये ७. आता १५ दोन प्रकारे होतात, ६ व ९ किंवा ७ व ८. परंतु ७ याच खिडकीत वापरला गेला, म्हणून ६ आणि ९. पाच होतात १ व ४ किंवा २ व ३ यांनी.

येथपर्यंत बेरजेने आणले, पुढे संच घेऊन जातो. चौकटीच्या कोनातही हेच पाच अंक आहेत आणि त्यांतल्या दोघांची बेरीज ९ व्हायला हवी. पाच अंक १, ४, ६, ७, ९ असे घेतले तर त्यांतल्या कोणत्याही दोघांची बेरीज ९ होत नाही. २, ३, ६, ७, ९ घेतले तर २ व ७ किंवा ३ व ६ अशा दोन जोड्या मिळतात. म्हणून ५ च्या पिंजऱ्यात २ आणि ३ च आहेत, आणि जोडी कोणतीही असली तरी ९ हा अंक पहिल्या आडव्या ओळीतल्या तीन घरांत राहतो. सामाईक चार घरांत १, ४, ५, ८. एकही अंक दिलेला नसताना जाळ्याचा एक कोपरा एवढा उलगडतो.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

दोन्ही कर्ण जोडलेले एक कोडे झाले. मुख्य कर्णावर तीन घरे पहिल्या खिडकीतली, तीन चौथ्या खिडकीतली आणि उरलेली आ१उ१, आ५उ५, आ९उ९ ही मधल्या विखुरलेल्या खिडकीतली आहेत. कर्ण एका बंधनाची भर घालतो, पण सोडवण्याच्या दृष्टीने विशेष काही नवे देत नाही. दोन करायची होती, एकावरच थांबलो.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

कोडे किती अवघड आहे हे प्रोग्राम सांगू शकत नाही. जे त्याला क्षणात सुटते ते माणसाला दोन दिवस अडवते आणि उलटही घडते. म्हणून सरावाची आठही कोडी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सोडवायला दिली. त्या तीस वर्षे एका कार्यालयात टंकलेखिका होत्या आणि आकड्यांवर त्यांची नजर पक्की आहे. त्यांनी प्रत्येक कागदावर लागलेला वेळ लिहून परत दिला. मी सोपे समजलेले कोडे क्र. २ त्यांना सर्वांत जड गेले, कारण त्यात पहिला अंकच न आखलेल्या खिडकीतून मिळत होता. ते सातव्या क्रमांकावर हलवले.

स्पर्धेच्या कोडे क्र. ११ मध्ये १४ अंक ठेवले आहेत. यापेक्षाही कमी ठेवता आले असते, पण निदान आठ वेगवेगळे अंक दिसावेच लागतात, कारण दोन अंक मुळीच दिले नाहीत तर उत्तरात त्या दोघांची सरसकट अदलाबदल करून दुसरे उत्तर मिळते.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

काल नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पहिल्या साठ प्रती आणल्या आणि त्या सर्व बाद कराव्या लागल्या. मूळ कागदावर खिडक्या फिकट करड्या होत्या. प्रतीत तो रंग उमटलाच नाही आणि जाळे साध्या सुडोकूसारखे कोरे दिसू लागले. साध्या सुडोकूला एकच उत्तर असण्यासाठी किमान १७ अंक दिलेले असावे लागतात, हे गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकाने संपूर्ण शोध घेऊन दाखवले आहे. तेव्हा खिडक्या पुसल्या गेलेल्या १४ अंकांच्या या कोड्याला अनेक उत्तरे असणार हे न तपासताही सांगता येते. स्पर्धकांनी ते मनापासून सोडवले असते आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे तरीही बरोबर आले असते.

दुकानदाराने रंग गडद करून पाहिला, तेव्हा खिडक्या काळपट होऊन त्यांतले छापील अंक दिसेनासे झाले आणि पेन्सिलीचे तर मुळीच दिसले नसते. शेवटी रंगाचा नाद सोडून खिडक्यांना जाड दुहेरी रेषेची चौकट दिली. चौकटींच्या रेषा एकेरी, खिडक्यांच्या दुहेरी. प्रत स्वच्छ आली.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

बाराही कोडी शेवटची तपासली, प्रत्येकाला एकच उत्तर. न आखलेल्या खिडक्या कागदावर ठिपक्यांनी दाखवाव्यात की नाही, यावर भाचीचे आणि माझे एकमत झाले नाही. तिचे म्हणणे असे की ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांच्यावर अन्याय होईल. माझे म्हणणे असे की त्या नियम नाहीत, निष्कर्ष आहेत. नियम सर्वांना सारखे सांगितले की निष्कर्ष काढणे हेच सोडवणाऱ्याचे काम आहे, आणि ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. स्पर्धेची चारही कोडी आखलेल्या खिडक्यांवरच सुटतात, फक्त वेळ अधिक लागतो, हे मी पुन्हा हाताने सोडवून खात्री केल्यावर ती तयार झाली. कागदावर चारच खिडक्या राहतील.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

सकाळी दहा वाजता, आरती आटोपल्यावर, मंडपाच्या मागच्या खोलीत स्पर्धा झाली. दीड तासाचा वेळ दिला होता. पहिले कोडे बहुतेकांनी पूर्ण केले, बेरजेच्या पिंजऱ्यांचे फार थोड्यांनी. कोडे क्र. ११ तिघांनी सोडवले आणि तिघांचीही उत्तरे अंकाअंकाने सारखी आली, तेव्हा झेरॉक्सचा धडा कामी आला असे वाटले.

काकूंनी कागद परत देताना कोडे क्र. ११ माझ्यासमोर धरले. दुसऱ्या ते चौथ्या ओळींत पहिल्या, पाचव्या आणि नवव्या उभ्या ओळींच्या घरांवर त्यांनी पेन्सिलीने नऊ बारीक ठिपके दिले होते.

“भाऊ, या दोन खिडक्यांच्या आजूबाजूला जे उरतं ना, त्यातही एक ते नऊच येतात. आठव्या अंकाला माझ्या लक्षात आलं. खाली पाहिलं तर तिथेही तसंच.”

मी म्हणालो की उभ्या बाजूनेही अशा दोन आहेत, आणि त्या चारही घेतल्या की मध्ये आणखी...

“थांबा, सांगू नका,” त्या म्हणाल्या आणि कागद पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला.